चौथा बाहेर पडून राहिला आहे

नामदेव,

तुझी तेरवी झाली, त्यानंतरच्या रविवारी सुमनवहिनींनी कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये मला आणि मधुकरला चहा दिला आणि एक प्रश्न विचारला.

"भाऊजी, आता तरी सांगा. इतके वर्स खेळलो, ते आपन जिंकलो का हरलो?"

मधुकरने कप खाली ठेवला आणि लगेच म्हणाला, "जिंकलो नं वहिनी. नामदेव म्हणे तेच खरं. जिंकलोच."

वहिनींनी मान हलवली, कप गोळा केले आणि आत गेल्या. बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. आतून भांड्यांचा आवाजही येत नव्हता. मधुकर माझ्याकडे पाहू लागला. आपले काय चुकले, हे त्याला कळले नव्हते. मला अंदाज होता, पण खात्री नव्हती. मी त्या दिवशी उत्तर दिले नाही.

क्वार्टर महिनाअखेर रिकामे करायचे आहे. वहिनी भिवापूरला तुझ्या धाकट्या भावाकडे जाणार आहेत. जाण्याआधी त्यांना ही एक गोष्ट माझ्या तोंडून हवी होती, कारण या प्रश्नावर तुझ्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस मी एकटाच होतो. हो म्हटले असते तर तुझ्याशी घातलेला सगळा वाद लुटुपुटीचा ठरला असता. नाही म्हटले असते तर त्या हरलेले डाव घेऊन गावी गेल्या असत्या. आठवडाभर मी मनातल्या मनात हा प्रश्न तुझ्यापुढे मांडत होतो. तेच आता कागदावर उतरवतो आहे.

ज्यांनी तो खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी तुला पाठ असलेली गोष्ट आधी सांगावी लागेल. तू मध्ये बोलशील, हे गृहीत धरले आहे.

'कातळगडचे भुयार' हा पुठ्ठ्याच्या डब्यातला साहसखेळ आपल्या नागपुरातल्याच एका लहानशा छापखान्यातून निघाला होता. एक पट, एक फासा, चार रंगांच्या चार सोंगट्या आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा. चौघांनी भुयारात शिरायचे, वटवाघळे, दलदल आणि बंद दरवाजे चुकवायचे, आणि जो सर्वांत आधी खजिन्यापाशी पोचेल तो जिंकला. सीताबर्डीवर मधुकरचे स्टेशनरीचे दुकान आहे. शाळांच्या सुट्टीत खपेल म्हणून त्याने तो ठेवला. पण खेळ घेऊन गेले ते सरकारी कचेऱ्यांतले कारकून, कॉलेजातली मुले, एका हायस्कूलच्या बाई आणि मी. मुलांच्या खेळाला एवढे मोठे गिऱ्हाईक मधुकरने त्याआधी पाहिले नव्हते.

पुढे दुसरा भाग निघाला. 'परतीची वाट'. चौघांना खजिना मिळालेला आहे आणि आता बाहेर यायचे आहे. कंदील एकच. तेलाच्या पिवळ्या टिकल्या मोजक्या. ज्याच्या हातात कंदील, त्याच्या जवळ असेल तोच पुढे सरकू शकतो. लांब राहिलेल्यासाठी कंदिलाला मागे यावे लागते. नियमांच्या कागदावर ठळक अक्षरांत छापले होते, 'चारही गडी सुखरूप बाहेर आले, तरच डाव जिंकला.' चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात सर्वांत खाली एक घडी घातलेली चिठ्ठी होती. तिघे बाहेर आले की ती उघडायची.

त्या उन्हाळ्यात मधुकरच्या काउंटरवर दुसरा विषय नव्हता.

"यात जिंकणाराच नाही, तर खेळायचं कायले?"

"नकाशा मात्र पयल्यापेक्षा झकास हाय, हे मानावं लागते."

"टिकल्या बघा हो किती पातळ. घरी नेईपर्यंत निम्म्या हरवल्या." ही हायस्कूलच्या बाईंची तक्रार.

"पयल्यात दोस्ताचा पाय ओढायची मजा होती. यात त्यालेच पाठुंगळी घेऊन या म्हणते."

"फाशाले काही कामच नाही ठेवलं. बसा आन् चर्चा करा. खेळ हाय का पंचायत?"

मधुकर दोन्ही बाजूंना हो म्हणे. त्याला दोन्ही भाग विकायचे होते.

मी आमच्या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत या दुसऱ्या भागाविषयी छोटा मजकूर लिहिला. मत असे होते की पहिल्या भागात शिस्त आहे आणि दुसऱ्यात भावना. पहिला खेळ आहे आणि दुसरा उपदेश. वाक्य मला बरे वाटले होते. त्याच आठवड्यात तू कचेरीत आलास. पाळी संपवून परस्पर आला होतास. खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीत खेळाचा डबा.

"हे कोनं लिहिलं?"

मी म्हणालो, मी लिहिले.

"तुमी हा खेळ पुरा खेळले काय?"

"खेळलो."

"कोनासंग?"

मी खरे ते सांगितले. एकट्याने खेळलो होतो. चारही सोंगट्या मीच चालवल्या होत्या, आणि शेवटच्या चिठ्ठीआधीच तेल संपून डाव आटोपला होता.

तू टेबलावरच्या बाकीच्या लोकांकडे एकदा पाहून घेतलेस. "म्हंजे यायनं एकट्यानं लगन लावून पाह्यलं, आन् पेपरात छापून टाकलं का मांडवात काही मजा नाई आली."

टेलिप्रिंटरपाशी उभा असलेला माणूससुद्धा हसला. तू मात्र हसला नाहीस. तू भांडायला आला होतास. "रविवारी कोराडीले या. मी हाय, बायको हाय. आनखी एक मानूस घेऊन या. मंग लिहा काय लिहाचं ते." मी मधुकरला घेऊन आलो. पुन्हा काही लिहिले मात्र नाही. त्यासाठी निकाल लागायला हवा होता, आणि तो लागत नव्हता.

बस कोळशाच्या ट्रकांच्या मागे मागे कोराडीला पोचायची. वहिनी पट मांडण्याआधी ओल्या फडक्याने टेबल पुसून घ्यायच्या, कारण सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारपर्यंत राख बसलेली असे. तू लाल सोंगटी घ्यायचास, मी निळी. वहिनी हिरवी घेत आणि मधुकरला उरलेली. वहिनी आपल्या सगळ्यांत कसलेल्या खेळाडू होत्या. तेलाची एक टिकली त्या नेहमी दडवून ठेवत आणि कुणी विचारले तर साफ नाकारत.

"सुमन वं, पदराखाली काय हाय?"

"तुमची अक्कल. जपून ठेवली."

तेल संपल्यावर, सगळे अंधारात अडकल्यावर, ती टिकली पटावर यायची.

तुझे मत तू पहिल्याच दिवशी सांगितलेस आणि नंतर ते कधी बदलले नाहीस. "पयल्या भागात चार चोर हायत. दुसऱ्यात चार मानसं हायत." मी म्हणालो, चार चोरांत निदान एक तरी जिंकतो. तू वीज केंद्रातल्या तुझ्या कामाचा दाखला दिलास. तिथे पाळी संपली म्हणून कोणी उठून जात नाही. दुसरा येऊन पॅनेलसमोर उभा राहतो तेव्हा पहिला निघतो. दुसरा भाग ज्याने केला त्याला हे ठाऊक आहे, असे तुझे म्हणणे होते. मी म्हणालो, कामाच्या जागी हे ठीक आहे, खेळात माणसाला सुट्टी हवी. तू म्हणालास, "तुले सुट्टी कायची पायजे? तू तं बसूनच काम करते." आपण 'तुमी' वरून 'तू' वर कधी आलो हे मला सांगता येणार नाही. बहुधा त्याच वाक्यात.

त्याच रविवारी आपण शेवटच्या चिठ्ठीपर्यंत पोचलो. चिठ्ठी मधुकरने वाचली.

'तिघे गडावर पोचले आहेत. चौथा भुयाराच्या तोंडाशी बाहेर पडून राहिला आहे. डाव संपला.'

मी म्हणालो, "अरेरे." त्याच क्षणी तू म्हणालास, "वा!"

आपण एकमेकांकडे पाहिले. थोडा वेळ कोणालाच काही कळेना. मग कळले, आणि मधुकर इतका हसला की त्याच्या हातातली चिठ्ठी खाली पडली.

मी साताऱ्याकडचा. मी शिकलो त्या मराठीत पडून राहिला म्हणजे पडला आणि उठला नाही. चौथा गडी भुयाराबाहेर निपचित पडला आहे. चौघे सुखरूप आलेले नाहीत, म्हणजे डाव हरला. तुझ्या मराठीत येऊन राहिला म्हणजे येतो आहे, जेवून राहिला म्हणजे जेवतो आहे. चौथा बाहेर पडतो आहे. पाऊल उंबऱ्याबाहेर टाकतो आहे. चौघे सुटले, डाव जिंकला. शेवटची चिठ्ठी प्रत्येक डावात तीच असणार होती. म्हणजे तुझे बरोबर असेल तर नेटाने खेळणारे सगळे जिंकतात. माझे बरोबर असेल तर हा खेळ कोणालाच जिंकता येत नाही, आणि तोच त्याचा सर्वांत मोठा दोष.

माझा मुद्दा पक्का होता. याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्या चिठ्ठ्यांवर 'पाणी वाढत आहे', 'दरवाजा बंद होत आहे' असे छापले होते. म्हणजे लिहिणाऱ्याला पुस्तकी मराठी येत होती. 'बाहेर पडत आहे' असे त्याला म्हणायचे असते तर त्याने तसे लिहिले असते.

तुझा मुद्दाही पक्का होता, आणि तो तू माझ्याच धंद्यातून काढलास. जिल्ह्यातले बातमीदार 'नदीचे पाणी चढून राहिले आहे' असे लिहून पाठवतात आणि आम्ही डेस्कवर ते खोडून 'चढत आहे' करतो, हे मी बोलण्याच्या ओघात तुला सांगितले होते.

"तिथं तुले मतलब समजते. खोडतानी बरोब्बर खोडते. मंग या गरिबाचाच मतलब तुले काहून समजत नाई?"

मी म्हणालो, ते हस्तलिखित असते. छापून आलेले वाचताना छापले आहे तेच वाचायचे असते.

"आन् छापनारा मानूस नाई का गा?"

यावर वहिनींनी आपल्या दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि विचारले, "मंग? शिरा करू का नको?" जिंकलो तर शिरा, असे त्यांनी आधी जाहीर केले होते. शिरा झाला. त्यानंतर दर वेळी हाच प्रश्न आला आणि दर वेळी शिरा झाला. मी हरल्याचे मत नोंदवून तो खात असे, आणि तू मला तो वाढताना म्हणायचास, "घे, हरलेल्याचा जरा जास्ती घे."

खेळ करणाऱ्यालाच विचारावे, असे एकदा ठरले. तो डबे पोचवायला दुकानात यायचा. मधुकरने त्याला शेवटच्या चिठ्ठीचा अर्थ विचारला. त्याने डब्यांची दोरी सोडता सोडता उत्तर दिले, "लोक जसं समजून राहिले, तसंच." मधुकरने हे उत्तर जसेच्या तसे कोराडीला आणले आणि तू टेबलावर थाप मारलीस. "पाहा! तो बी असाच बोलते!" मी म्हणालो, बोलतो असा, लिहितो असा नाही. पुढे तो छापखाना विकून कुठे गेला ते समजले नाही. नंतर घरोघरी टीव्ही आले आणि रविवारची दुपार लोकांनी तिकडे दिली. काउंटरवरचे वाद थांबले. हायस्कूलच्या बाईंनी आपला डबा एका भाच्याला देऊन टाकला. मधुकरच्या फळीवर शेवटी शेवटी दोन धूळ बसलेले डबे होते. ते त्याने विकायचे नाहीत म्हणून आत नेऊन ठेवले. आपले रविवार चालू राहिले.

एक रविवार मला आवडला नव्हता. माझे वडील गेले तेव्हा मी गावी जाऊन परत आलो आणि थेट तुझ्याकडे आलो. डाव शेवटपर्यंत गेला. चिठ्ठी उघडायची पाळी तुझी होती. तू ती वाचलीस आणि घडी घालून परत ठेवून दिलीस. मी वाट पाहत होतो. तू काही बोलला नाहीस.

"गप्प का?" मी विचारले.

"जाऊ दे नं गा. आज तुझंच खरं."

तू प्रेमाने म्हणाला होतास, हे मला तेव्हाही कळत होते. पण वडील गेले ही गोष्ट गावात, चितेपाशी, लोकांच्या रांगेत मला जेवढी खरी वाटली नव्हती तेवढी त्या वाक्याने झाली. तूसुद्धा माझ्याशी भांडत नाहीस, म्हणजे काहीतरी मोठेच घडले असले पाहिजे. पुढच्या रविवारी तू पुन्हा भांडलास, दुप्पट भांडलास, आणि मला बरे वाटले. हे मी तुला सांगितले नव्हते. मधुकरने वहिनींना लगेच हो म्हटले तेव्हा त्या उठून आत का गेल्या, याचा अंदाज मला या रविवारावरून आला.

तुला रामदासपेठेतल्या हॉस्पिटलमध्ये ठेवले होते, तेव्हा मी कचेरीत जाण्याआधी दुपारी येत असे. डॉक्टरांनी तुला बोलायचे नाही म्हणून सांगितले होते. छाती दुखायची. मी खुर्ची ओढून बसलो आणि काय विचारावे हे न सुचून विचारले, "काय करतोस?"

"पडून राहिलो." मग तू थांबलास, दम घेतलास. "तुझ्यावाला. आमच्यावाला नाई."

आपण दोघे हसलो. सिस्टर आल्या आणि मला रागावल्या. तू माझ्याकडे बोट दाखवून त्यांना म्हणालास, "याले काही म्हनू नका. याले जोक समजाले लय वर्सं लागले."

मला त्या दुपारी एक गोष्ट सांगायची होती. पहिला भाग दुसऱ्यापेक्षा चांगला आहे, असे मी मानत आलो. त्याची बांधणी नेटकी आहे, नियमांत फट नाही, डाव वेळेत संपतो. हे सगळे खरे आहे. पण पहिल्या भागाचा मी खेळलेला एकही डाव मला आठवत नाही. कोण जिंकले, कुठे बसलो होतो, काही नाही. दुसऱ्या भागाचे मला कितीतरी डाव आठवतात. दलदलीत तू माझ्यासाठी कंदील मागे आणलास तो, वहिनींनी दडवलेली टिकली खरोखरच हरवली आणि मधुकर कॉटखाली शिरला तो, वीज केंद्राच्या कॉलनीतच वीज गेली आणि तू शरमून खिडकीशी जाऊन उभा राहिलास तो. एखाद्या खेळाची गुणवत्ता ठरवताना हेही धरायला हवे होते. एवढेच सांगायचे होते. मी म्हणालो, "डॉक्टरांनी बोलू नको सांगितले आहे. उद्या येतो." आणि कामावर गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकरचा फोन आला. तुझी बातमी मी लिहिली नाही. सहकाऱ्याने लिहिली आणि माझ्यापुढे ठेवली. मी ती वाचली आणि छापायला पाठवली. दुरुस्त करण्यासारखे त्यात काही नव्हते.

परवाच्या रविवारी आम्ही दोघे पुन्हा कोराडीला गेलो. भिंतीवरचे कॅलेंडर आणि तसबिरी उतरवल्या होत्या. गाद्यांची वळकटी दारापाशी बांधून ठेवली होती. टेबल अजून जागेवर होते. वहिनींनी चहा दिला. या वेळी त्यांनी काही विचारले नाही. विचारायचे सोडून दिले आहे, असे त्यांच्याकडे पाहून वाटत होते. म्हणून मीच विषय काढला.

"वहिनी, मागच्या रविवारी तुम्ही विचारले होते. माझे मत बदललेले नाही. छापलेल्या शब्दाप्रमाणे आपण एकही डाव जिंकलेलो नाही."

मधुकरने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

वहिनी माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटले, अंदाज चुकला. मग त्यांनी पदर खोचला.

"असं कसं नाई जिंकलो? आं? मंग ते इतके वर्स काय भिंतीसंग बोलून राहिले होते? 'राहिला' म्हंजे काय, हे लेकरालेबी समजते. तुमाले पेपरात बसवलं कोनं?"

तू गेल्यापासून त्यांचा आवाज एवढा वर गेलेला आम्ही ऐकला नव्हता. मधुकरचा पाय माझ्या पायावरून निघाला.

"मी नाही म्हणतो, वहिनी. कारणे देतो."

"कारनं तुमची मले पाठ हायत." त्या मधुकरकडे वळल्या. "मधुभाऊ, तुमी तवा पटकन हो म्हटलं, आन् मले असं वाटलं का आता झालं. आता ह्यायचं कोनी काही काढनारच नाई. समदे हो हो म्हनतीन आन् घरी जातीन." त्यांनी फडके ओले केले आणि टेबल पुसायला घेतले. "मांडा पट."

आम्ही पट मांडला. चार सोंगट्या खजिन्याच्या खोलीत ठेवल्या. लाल सोंगटीला कोणी हात लावेना. मधुकरने नियमांचा कागद उघडला. त्यात अशा वेळेसाठी नियम होता. आपल्याला तो कधी लागला नव्हता. एखादा गडी डावातून उठून गेल्यास त्याची सोंगटी कंदीलवाल्याने चालवावी, आणि ती स्वतःची समजून चालवावी. फासा टाकला. कंदील माझ्याकडे आला. कंदील वाटेत दुसऱ्याला देता येतो, हे तुला माहीत आहे. मी दिला नाही.

तुझी सोंगटी मी माझ्या पद्धतीने चालवू शकलो असतो. मी सरळ वाट धरतो. तू नेहमी मागे रेंगाळायचास, आपल्या वाटचे तेल दुसऱ्याला द्यायचास आणि आम्ही ओरडलो की म्हणायचास, "येऊन राहिलो नं, चाला तुमी." मी तसाच चालवत गेलो. तेल मधुकरला दिले. दलदलीपाशी वहिनींना पुढे जाऊ दिले. तुझ्यासाठी मला कंदील दोनदा मागे न्यावा लागला, आणि दोन्ही वेळा मी तुझ्यावर मनापासून वैतागलो. तिघे बाहेर आले. लाल सोंगटी भुयाराच्या तोंडाशी एकटी राहिली.

वहिनींनी चिठ्ठी काढली. वाचायची गरज नव्हती, तरी त्यांनी एक एक अक्षर लावून मोठ्याने वाचली. मग चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली.

"आता त्यायच्या बाजूनं तुमीच बोला. सोंगटी तुमच्या हाती हाय."

मी तुझे जुने मुद्दे मांडले. बातमीदारांचे मांडले, छापणाराही माणूस असतो हे मांडले. मी ते इतक्या वेळा खोडून काढले होते की मांडायला कठीण गेले नाही. मग माझा स्वतःचा मुद्दा आला. बाकीच्या चिठ्ठ्यांवर 'वाढत आहे', 'होत आहे' असे शुद्ध लिहिणारा माणूस शेवटच्याच चिठ्ठीवर वेगळे का लिहील? यावर तुझ्याकडून मला कधीच उत्तर मिळाले नव्हते. तू टेबलावर थाप मारायचास आणि शिऱ्याकडे वळायचास. त्यामुळे आता तुझ्या वतीने काय बोलावे, याचा विचार करत मी चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. आणि बोलायला लागलो तेव्हा पुढचे वाक्य काय येणार हे मला ठाऊक नव्हते.

मी म्हणालो, बाकीच्या चिठ्ठ्या त्याने जपून लिहिल्या. लोक वाचणार, चुका काढणार, म्हणून शाळेत शिकवलेली भाषा वापरली. शेवटच्या चिठ्ठीपर्यंत पोचला तेव्हा खेळ पुरा झाला होता. त्याचे चारही गडी बाहेर येत होते. त्याला आनंद झाला असेल. आनंद झाला की माणूस घरचे बोलतो.

मग मधुकर म्हणाला, "आता याले उत्तर द्या, संपादकसाहेब."

मी माझ्या बाजूला आलो आणि उत्तर शोधले. मिळाले नाही. इतकी वर्षे मी त्या वाक्याचे व्याकरण तपासत होतो. लिहिणारा ते लिहिताना खूश होता की दुःखी, हे मी एकदाही विचारले नव्हते. तुला ते पहिल्याच दिवशी ऐकू आले असावे. तुला ते शब्दांत मांडता आले नाही, आणि मांडायची गरजही वाटली नाही, कारण 'वा!' म्हणून झाले होते.

वहिनी दोन्ही हात टेबलावर ठेवून माझ्याकडे पाहत होत्या.

"मंग भाऊजी? जिंकलो का?"

"जिंकून राहिलो, वहिनी," मी म्हणालो.

या शहरात आल्यापासून मी ते क्रियापद असे कधी तोंडात घेतले नव्हते. मधुकर 'आईशप्पत' म्हणाला. वहिनी हसल्या आणि शिरा करायला उठल्या. त्यांच्या मराठीत याचा अर्थ एवढाच, की अजून जिंकतो आहोत. माझ्या मराठीत अर्थ वेगळा होतो. जिंकलो, आणि मागे राहिलो. मी कोणत्या अर्थाने बोललो, हे दोघांनीही मला विचारले नाही.

तू विचारले असतेस.